हाडाची पेशी आपलं काम कसं विसरत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत हाडांच्या काळजीवर आलेला लेख वाचला. नाचणी, दूध, कोवळं ऊन, रोजचं चालणं, सगळं योग्य आणि उपयोगी. पण सुरुवातीलाच 'हाडं म्हणजे शरीराचा निर्जीव सांगाडा' असं एक वाक्य आहे, आणि ते वाचून गप्प बसणं मला जमलं नाही. परळच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे ऊतकांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी झाली. हाडाचे काप काढून स्लाइडवर चढवणं हे माझं रोजचं काम होतं. हाडाइतकं गजबजलेलं ऊतक मी क्वचितच पाहिलं.

वाचकांना हे काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. शस्त्रक्रियागृहातून आलेला हाडाचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी स्थिर करणाऱ्या फॉर्मलडिहाइडच्या द्रावणात, मुरतो. मग त्यातला कॅल्शियम काढण्यासाठी तो आम्लात ठेवायचा. आम्ही त्याला 'डीकॅल' म्हणतो. लहान तुकड्याला एक-दोन दिवस पुरतात, मांडीच्या हाडाच्या जाड कापाला बरेच जास्त लागतात. इथे घाई चालत नाही. आम्ल कडक झालं की पेशींची केंद्रकं रंगच धरत नाहीत आणि डॉक्टरांना स्लाइडवर नुसता गुलाबी रंग दिसतो. डीकॅल नीट झालं की मेणाचा ब्लॉक, मग मायक्रोटोम नावाच्या काप काढायच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप, मग कोमट पाण्यावर तो तरंगवून अलगद काचेवर घ्यायचा. हिमॅटॉक्सिलीनने केंद्रकं निळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी.

ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हाडाच्या कडेने फुगीर, निळसर पेशींची एक ओळ दिसते. या अस्थिजनक पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. त्या कोलॅजन सोडतात, त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसतात आणि नवं हाड तयार होतं. काही पेशी आपणच तयार केलेल्या हाडात गाडल्या जातात आणि तिथे अस्थिपेशी म्हणून वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हाडातल्या दहापैकी नऊहून जास्त पेशी या अशा गाडलेल्या असतात. दुसरीकडे अस्थिभंजक पेशी जुनं हाड विरघळवत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी असा नव्याने घडतो. ज्या सांगाड्याला आपल्या लेखात निर्जीव म्हटलंय, तो दहा वर्षांपूर्वी होता तसाच्या तसा आज उरलेला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले तो प्रश्न. अस्थिजनक पेशी काही महिने काम करते आणि संपते, किंवा हाडात गाडली जाते. तिची जागा घ्यायला नव्या लागतात, आणि त्या येतात हाडाकडे वळलेल्या तरुण पेशींच्या विभाजनातून. (पूर्ण पिकलेली अस्थिजनक पेशी सहसा विभागत नाही. तिच्या आधीच्या पायरीवरच्या पेशी विभागतात.) हात मोडल्यावर प्लास्टरच्या आत जे काही जुळतं, तेही हाडाच्या आवरणातल्या अशाच पेशी भराभर वाढल्यामुळे. मग अशी पेशी दुभंगली की झालेल्या दोन्ही पेशी हाडाकडेच का वळलेल्या राहतात? एखादी त्वचेची, एखादी चरबीची का होत नाही?

डीएनए हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. माझ्या त्वचेत, यकृतात आणि गुडघ्याच्या हाडात डीएनए एकच आहे. फरक आहे तो त्यातली कोणती जनुकं वाचली जातात यात. हाडाच्या पेशीत कोलॅजनचं, ऑस्टिओकॅल्सिनचं, अल्कलाइन फॉस्फटेजचं जनुक चालू असतं. विभाजनाच्या वेळी मात्र हे वाचनच जवळजवळ थांबतं. केंद्रकाचं आवरण विरघळतं. एका पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून घट्ट गुणसूत्रं होतात. कोणतं जनुक वाचायचं ते ठरवणारी पुष्कळशी प्रथिनं गुणसूत्रांवरून सुटून पेशीभर पसरतात, असं १९९५ साली प्रयोगात दिसलं होतं. साधारण तासाभराने दोन नव्या पेशी उभ्या राहतात आणि वाचन पुन्हा सुरू होतं. कुठून सुरू करायचं हे त्यांना कोण सांगतं?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सूत्री विभाजन आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मुलं आकृत्या काढतात, नावं घोकतात, मार्क मिळवतात. मातृपेशीत जेवढी गुणसूत्रं तेवढीच जन्यपेशीत, इथे धडा थांबतो. पण आईकडून लेकीकडे गुणसूत्रांखेरीज आणखी काहीतरी जातं, आणि ते गेलं नाही तर हाड हाड राहणार नाही, ही गोष्ट आपल्या मुलांना मराठीत कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा काही दूरचा, अवघड विषय नाही. ज्याला आकृती काढता येते त्याला हे समजेल.

उत्तराचा एक मोठा तुकडा हाडातच सापडला. रंक्स-२ नावाचं एक प्रथिन आहे. ते डीएनएच्या ठरावीक अक्षरांना धरून बसतं आणि हाडाची जनुकं चालू-बंद करतं. त्याचं महत्त्व १९९७ साली कळलं. जपानमध्ये तोशिहिसा कोमोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्या पिलांचा सांगाडा कूर्चेचा होता, हाड कुठेच नव्हतं. बरगड्याच कच्च्या, त्यामुळे जन्मताच श्वास घेता न येऊन ती गेली. त्याच वर्षी असंही दिसलं की माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर मूल गळपट्टीच्या हाडांशिवाय किंवा अर्धवट हाडं घेऊन जन्मतं. टाळू उशिरा भरते, जास्तीचे दात येतात. अशा माणसाला दोन्ही खांदे पुढे आणून जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात. एका प्रथिनाची मात्रा निम्मी झाली तर एवढं. रंक्स-२ एकटं पुरेसं नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर ऑस्टेरिक्स नावाचं आणखी एक प्रथिन लागतं हे २००२ साली कळलं. पण सुरुवात रंक्स-२पासून होते.

मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वुस्टरमधल्या वैद्यकीय शाळेत गॅरी स्टाइन, जेन लियन, आंद्रे व्हान वाइनेन, सय्यद कलीम झैदी, डॅनियल यंग या मंडळींनी विचारलं, की पेशी दुभंगत असताना हे रंक्स-२ कुठे असतं? २००३ साली त्यांनी दाखवलं की ते नष्ट होत नाही, दोन जन्यपेशींत सारखं वाटलं जातं आणि नवं केंद्रक तयार होताना पुन्हा आपापल्या जागी जमतं. २००७ साली त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. गुणसूत्रं घट्ट गुंडाळलेली असताना, वाचन थांबलेलं असतानाही, रंक्स-२ नेमक्या काही जनुकांना धरून बसलेलं असतं. पेशीची जात ठरवणारी आणि तिची वाढ आवरणारी जनुकं त्यात आहेत.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा घरातलं सगळं सामान खोक्यांत बांधलं, गॅस बंद झाला, चूल थंड. सासूबाईंनी मात्र चहाचं पातेलं, साखर-पावडरीचे डबे, आगपेटी आणि देव एका वेगळ्या पिशवीत घेतले आणि ती पिशवी टेम्पोत न देता हातात धरली. संक्रमण शिबिरातल्या खोलीत पोचल्याबरोबर देव मांडले गेले, चहा झाला, आणि खोकी उघडायच्या आधी घर सुरू झालं. रंक्स-२ विभाजनात करतं ते हेच. जी जनुकं नव्या पेशीला पहिल्यांदा लागणार, त्यांच्यावरचा हात ते सोडत नाही, म्हणून वाचन तिथूनच सुरू होतं.

या शोधातला मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. २००७ सालीच याच गटाने दाखवलं की रंक्स-२ रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांवरही बसतं. ही जनुकं माणसाच्या १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांवर असतात. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवण्याची यंत्रं. ती जितकी जास्त, तितकी पेशी झपाट्याने वाढणार. रंक्स-२ या जनुकांना दाबून धरतं, ते काढून घेतलं तर त्यांचं काम वाढतं. म्हणजे जे प्रथिन पेशीला हाडाची राखतं, तेच तिची वाढ मर्यादेत ठेवतं, आणि विभाजनाच्या काळातही दोन्ही कामांच्या जागेवर हजर असतं. निरोगी पेशीत रंक्स-२चं प्रमाणही विभाजनाच्या चक्राबरोबर कमी-जास्त होतं. पेशी विसावलेली असताना जास्त, डीएनएची नक्कल करायला लागली की कमी. ही लय का महत्त्वाची ते पुढे येईलच.

एकट्या रंक्स-२वर सगळा भार नाही. डीएनएवर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात, नक्कल होताना त्याही उतरवून घेतल्या जातात. ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या खुणाही काही प्रमाणात पुढे जातात. रक्तपेशींत हेच काम गाटा-१ नावाचं प्रथिन करतं, असं २०१२ साली दिसलं.

आणि आता एक गोष्ट जी आमच्या विभागातल्या प्रत्येकाने ऐकायला हवी. विभाजनात बहुतेक प्रथिनं गुणसूत्रांवरून गळून पडतात, हे वर्षानुवर्षं धरून चाललेलं होतं. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रॉबर्ट त्यान यांच्या प्रयोगशाळेने जिवंत पेशींत, चमकणारी खूण लावलेली प्रथिनं थेट पाहिली. तिथे अनेक प्रथिनं गुणसूत्रांवरच होती. क्षणभर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. मग आधी ती का दिसली नव्हती? कारण फॉर्मलडिहाइड. पेशी स्थिर करण्यासाठी ते घातलं की ही चपळ प्रथिनं गुणसूत्रांवरून हटलेली दिसतात. पाहण्यासाठी जे करायचं, त्यानेच चित्र बदलत होतं. ज्या फॉर्मलिनवर आमच्या विभागाचं सगळं काम उभं आहे, ज्याच्या वासाने डोळे चुरचुरतात आणि तरी ज्याच्यावाचून एक काप निघत नाही, त्याची ही मर्यादा. रोगनिदानासाठी फॉर्मलिन उत्तमच आहे, त्याला तोड नाही. पण पेशीतली क्षणाक्षणाची हालचाल त्यातून दिसणार नाही, हे नव्या तंत्रज्ञांना पहिल्याच वर्षी शिकवलं पाहिजे. रंक्स-२च्या शोधाला यामुळे बाध येत नाही. उलट हाडात जे दिसलं, ते इतर पेशींतही बऱ्याच मोठ्या प्रमाणावर चालतं असा त्याचा अर्थ होतो.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण मी ऑस्टिओसार्कोमाच्या स्लाइड केल्या आहेत.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग. बहुतेक वेळा १० ते २० वर्षं वयाच्या मुलांना होतो, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याभोवती, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. वाढीच्या वयात तिथेच हाड सगळ्यात झपाट्याने लांबतं, तिथेच पेशी सर्वाधिक विभागत असतात. त्याचं निदान कशावरून होतं ठाऊक आहे? या बेबंद पेशी अजूनही हाड बनवत असतात यावरून. स्लाइडवर वेड्यावाकड्या, गडद निळ्या केंद्रकांच्या पेशी आणि त्यांच्यामध्ये जाळीदार, कच्चं, गुलाबी हाड दिसलं की डॉक्टर नाव लिहितात. विभाजनावरचा ताबा सुटलेला असतो, पण आपण हाडाच्या आहोत हे त्या पेशींनी टाकलेलं नसतं. मूळ गाठीपासून सुटून त्या फुप्फुसात जातात, आणि तिथेही हाड बनवतात. फुप्फुस म्हणून आलेल्या ब्लॉकवर पातं करकरलं की माझ्या पोटात गोळा यायचा. स्पंजी, हवेने भरलेल्या ऊतकात हाड असायचं काही कारण नसतं.

साओस-२ नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. १९७३ साली एका ११ वर्षांच्या मुलीच्या अशाच गाठीतून त्या घेतल्या गेल्या. पन्नास वर्षं त्या काचेच्या बश्यांत विभागत आल्या आहेत आणि अजून हाडाच्या पेशींचे गुण दाखवतात. हाडाची ओळख किती खोलवर जपलेली असते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

पुष्कळ ऑस्टिओसार्कोमांत रंक्स-२चं प्रमाण चढलेलं असतं आणि मघाशी सांगितलेली ती चक्राबरोबरची लय बिघडलेली असते. कारण एकटं रंक्स-२ नव्हे. पी-५३ आणि आरबी ही दोन पहारेकरी जनुकं या रोगात वारंवार बिघडलेली सापडतात. आरबीचं प्रथिन निरोगी पेशीत रंक्स-२ला धरून हाड पिकवायला मदत करतं. ज्या मुलांना आरबीच्या आनुवंशिक दोषामुळे डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग होतो, त्यांना पुढे ऑस्टिओसार्कोमाचा धोका वाढलेला असतो, हे म्हणूनच योगायोगाचं नाही. पेशी ओळख कशी जपते हे कळलं, तर ही ओळख न मोडता वाढ कशी थांबवायची याचाही मार्ग दिसू शकेल. त्यावर काम करणारी माणसं आपल्याकडेही हवीत. याच परळमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटा रुग्णालयात पॅथॉलॉजीची घडी बसवली आणि १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं केलं. इथल्या मुलामुलींना हा विषय परका वाटायचं कारण नाही.

आता पालकांसाठी. गुडघा सुजलेलं मूल थेट मोठ्या रुग्णालयात फार कमी वेळा येतं. आधी तेल लावून मालिश होते, मग कुणी हाड बसवणारा सांगतो, मग 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' म्हणून महिने जातात. गावाहून आलेली कुटुंबं मी टाटासमोरच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाहिली आहेत. त्यांच्या फायलीतला पहिला कागद आणि दुखणं सुरू झाल्याची तारीख यांत फार अंतर असायचं. त्यात आईबापांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांना, संध्याकाळी-रात्री होतं, सकाळी मूल खेळायला पळतं, सूज नसते. एकाच जागी, सतत, रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारं दुखणं वेगळं. सूज किंवा गाठ हाताला लागली तर मालिश अजिबात नको, साधा एक्स-रे काढायचा. महापालिकेच्या रुग्णालयात तो फार खर्चाचा नसतो. त्यात संशय आला तर बायोप्सीही जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार त्याच केंद्रात करून घ्यावी. चुकीच्या जागी सुई गेली तर वाचणारा पायही जाऊ शकतो. केमोथेरपी येण्याआधी, नुसता पाय कापूनही, पाचांतलं एखादंच मूल वाचायचं. आज रोग पसरण्याआधी सापडला तर चांगल्या केंद्रांत दहापैकी सहा-सात मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात, आणि बहुतेकांचा पायही राखता येतो.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या आहेत. 'निर्जीव सांगाडा' या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. आणि मुलांच्या गुडघेदुखीवर एक ठळक चौकट द्यावी, शक्यतो शाळा सुरू होण्याच्या महिन्यात, जेव्हा पालक मुलांची उंची-वजनं बघत असतात. मजकूर मी लिहून देईन, एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून तो तपासून घ्यावा. हाडाच्या पेशीच्या विभाजनाची गोष्टही दहावीच्या मुलांसाठी सोप्या आकृत्यांसह लिहायची माझी तयारी आहे. दोन्हींना एकदम जागा नसेल तर गुडघ्याची चौकट आधी छापा, दुसरा लेख मी त्यानंतर पाठवीन.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)